वार्धक्याची चाल आणि मेंदूतील पाणी

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी वर्षातील ज्येष्ठ सभासद मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला ‘ज्येष्ठांचे आरोग्य’ हा विषय दिला होता. विषय मोठा आणि माझी पात्रता अल्प. मी बी.कॉम. झालेला कापड व्यापारी. उभे आयुष्य सांगलीच्या कापड पेठेत गेले. म्हणून त्या मोठ्या विषयातील एकच लहानसा कोपरा मी आज निवडला आहे. माझ्या थोरल्या बंधूंच्या आजारपणात गेल्या काही वर्षांत डॉक्टरांकडून जे ऐकले, वाचले आणि प्रत्यक्ष पाहिले, तेवढेच सांगणार आहे. उपचाराचा निर्णय हा सर्वस्वी तज्ज्ञांचा, हे प्रारंभीच नम्रपणे नमूद करतो.

आपल्या घरातील सत्तरी ओलांडलेल्या व्यक्तीची चाल मंदावली की आपण म्हणतो, गुडघे झिजले. लघवीला धावावे लागू लागले की म्हणतो, प्रोस्टेट असेल. स्त्री असेल तर, या वयात व्हायचेच. बोलण्यात, हिशेबात संथपणा आला की म्हणतो, विस्मरण होऊ लागले. पहिल्या तक्रारीसाठी हाडांचे डॉक्टर, दुसरीसाठी मूत्रविकाराचे, तिसरीसाठी कोणीच नाही. एकाच माणसाची तीन खाती तीन निरनिराळ्या वह्यांत पडतात आणि खतावणी कोणी करतच नाही. या तिन्ही नोंदी एका पानावर आणल्या, तर काही वेळा त्यांचे मूळ एकच निघते आणि ते असते मेंदूच्या पोकळ्यांत साठलेले पाणी.

या विकाराचे वैद्यकीय नाव ‘नॉर्मल प्रेशर हायड्रोसेफॅलस’. डॉक्टर मंडळी संक्षेपाने ‘एनपीएच’ म्हणतात. लहान बालकांचे डोके पाणी साठून मोठे होते, तो जलशीर्ष नावाचा विकार आपणांस ऐकून ठाऊक असेल. हे त्याचेच वार्धक्यातील भावंड. परंतु कवटी पक्की झालेली असल्याने बाहेरून काहीच दिसत नाही.

आपल्या मेंदूच्या अंतर्भागात चार पोकळ्या आहेत. त्यांत स्वच्छ पाण्यासारखा द्रव अखंड तयार होतो, मेंदू व पाठीच्या कण्यातील मज्जारज्जूभोवती फिरतो आणि पुन्हा रक्तात शोषला जातो. कोणत्याही क्षणी हा द्रव सुमारे १५० मिलिलिटर असतो, मात्र दिवसाकाठी जवळजवळ ५०० मिलिलिटर नवा तयार होतो. म्हणजे दिवसातून तीन वेळा सगळा माल बदलतो. आवक तेवढीच राहिली आणि जावक मंदावली, तर गोदामात काय होईल, हे व्यापाऱ्यांना सांगावयास नको. पोकळ्या हळूहळू फुगतात, आणि पायांकडे व मूत्राशयाकडे जाणारे मेंदूचे तंतू त्यांच्या लगतच असल्याने ते ताणले जातात, असे सामान्यतः सांगितले जाते. चाल आणि लघवीवर परिणाम का होतो, याचा उलगडा त्यातून होतो. पूर्वी मेंदूज्वर, मेंदूतील रक्तस्राव किंवा डोक्याला मार लागलेला असेल, तर त्यानंतर काही काळाने हा विकार उद्भवू शकतो. आपल्या देशात क्षयाचा मेंदूज्वर आजही आढळतो, म्हणून ही गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी. तथापि पुष्कळ वृद्धांत निश्चित कारण सापडत नाही.

हा विकार प्रथम ओळखला तो दूरच्या कोलंबिया देशातील बोगोटा शहरी डॉ. सॉलोमन हकीम या शल्यचिकित्सकांनी. १९५७ साली अपघातात डोक्याला मार लागलेला एक सोळा वर्षांचा मुलगा त्यांच्याकडे होता. मेंदूतील पोकळ्या फुगलेल्या, पण द्रवाचा दाब मोजला तर अगदी सामान्य! दाब वाढलेला नाही म्हणजे पाण्याचा दोष नाही, असेच तोवरचे शास्त्र सांगत होते. हकीम यांनी तपासणीसाठी थोडा द्रव काढला आणि मुलाच्या प्रकृतीत अनपेक्षित सुधारणा दिसली. पुढे बोस्टनचे डॉ. रेमंड ॲडम्स यांच्यासह त्यांनी १९६५ मध्ये हा विकार जगापुढे मांडला. त्यांच्या निबंधाच्या शीर्षकातच, हा उपचार करता येण्याजोगा विकार आहे, असे म्हटले होते. थोडे पाणी काढले आणि रुग्ण सुधारला, या एका निरीक्षणातून आजची मुख्य चाचणी जन्मास आली.

हा विकार किती जणांना होतो? स्वीडनमधील गोथेनबर्ग येथील पाहणी २०१४ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत सत्तर ते एकोणऐंशी वयोगटात तो दर हजारी सुमारे दोघांत, परंतु ऐंशीच्या पुढे दर शंभरात जवळजवळ सहा जणांत संभवनीय आढळला. तो देश वेगळा, लोक वेगळे, हे खरेच. पण आयुर्मान आपल्याकडेही वाढले आहे. आपल्या मेळाव्यात ऐंशी ओलांडलेली मंडळी किती आहेत, ते समोर पाहतोच आहे. २०२५ च्या मे महिन्यात बिली जोएल या अमेरिकेतील विख्यात गायकाने वयाच्या शहात्तराव्या वर्षी आपले कार्यक्रम रद्द केले, ते याच विकारामुळे. नातवंडांना ते नाव ठाऊक असेल.

आता बंधूंविषयी. ते साताऱ्यास असतात, वय ७४. नित्यनेमाने पहाटे अजिंक्यताऱ्याच्या पायथ्यापर्यंत फिरून येणारा हा माणूस. प्रथम ध्यानात आले ते दुकानातील जुन्या दिवाणजींच्या. ते म्हणाले, “शेठ उंबऱ्यापाशी थांबतात.” पाय उचलायचा आहे, पण जणू चुंबकाने जमिनीला धरून ठेवला आहे. पावले आखूड झाली, दोन पायांमधील अंतर वाढले, चप्पल घासत चालू लागले. वळताना तर सात-आठ बारीक पावले टाकून वळावे लागे. परंतु हात मात्र पूर्वीसारखेच हलत आणि बोटांना कंप मुळीच नव्हता. पुढे वहिनींनी सांगितले, की रात्री लघवीची जाणीव होताच न्हाणीघरापर्यंत पोहोचणे कठीण होते. सर्वांत शेवटी स्वभाव बदलला. सुताचे भाव, गिऱ्हाइकांची नावे, देणी-घेणी सारे आठवत होते. उत्तर यायला मात्र वेळ लागे आणि कशातच उत्साह उरला नव्हता.

हा क्रम मुद्दाम सांगितला. या विकारात बहुधा चाल प्रथम बिघडते. ज्याला आपण अल्झायमर म्हणतो, त्यात आधी ताज्या घटनांचे विस्मरण होते, ओळखीचा रस्ता चुकतो, आणि चाल बराच काळ चांगली राहते. कंपवातात, म्हणजे पार्किन्सनमध्ये, चालताना हात हलायचे कमी होतात, बहुधा एका बाजूला कंप असतो आणि त्यावरच्या गोळ्यांनी चांगला फरक पडतो. अर्थात निसर्ग पुस्तकाप्रमाणे वागत नाही. एकाच व्यक्तीत दोन विकार असू शकतात. तसेच तिन्ही लक्षणे पूर्ण होईपर्यंत थांबणेही योग्य नव्हे. नुसती चाल अशी बदलली असेल, तरी मेंदूविकारतज्ज्ञांना, म्हणजे न्यूरोलॉजिस्टना, दाखवावे.

बंधूंना आधी कंपवाताच्या गोळ्या सुरू झाल्या होत्या. चार महिने घेतल्या, फरक शून्य. गोळ्यांचा उपयोग न होणे ही देखील एक माहितीच असते. ती पुढच्या डॉक्टरांपर्यंत पोहोचली पाहिजे; म्हणून जुन्या चिठ्ठ्या टाकून देऊ नयेत.

मिरजेत दाखविल्यावर तेथील डॉक्टरांनी सर्वप्रथम काय केले असेल? पट्टी काढली आणि दहा मीटर अंतर मोजले. माझ्यासारख्या आयुष्यभर मीटरपट्टी हाताळलेल्या माणसाला हे फार भावले. घड्याळ लावून बंधूंना चालविले : २४ सेकंद आणि ३१ पावले. मग खुर्चीवरून उठणे, तीन मीटर जाणे, वळणे, परत येऊन बसणे. त्याचीही वेळ घेतली. स्मरण आणि एकाग्रतेची लेखी चाचणी झाली. पाठीचा कणा, मानेच्या नसा आणि पायांची संवेदना तपासली. रक्तात थायरॉईड आणि बी-१२ जीवनसत्त्व पाहिले. हे शेवटचे आपल्या समाजाने विसरू नये. आपण शाकाहारी, दूधदुभते कमी घेणाऱ्यांत बी-१२ ची उणीव वारंवार आढळते, आणि तिच्यानेही तोल जातो, पाय बधिर होतात, बुद्धी मंदावते. साध्या रक्ततपासणीत जे सापडेल, त्यासाठी एकदम मेंदूकडे धावण्याचे कारण नाही.

त्यानंतर एमआरआय. येथे अनेकांची गल्लत होते. वृद्धापकाळी मेंदू स्वाभाविकपणे थोडा आकसतो, आणि आकसल्यानेही आतील पोकळ्या मोठ्या दिसतात. म्हणून अहवालात ‘वयोमानानुसार बदल’ असे लिहिले जाते आणि फाईल बंद होते. दोहोंत भेद करण्यासाठी तज्ज्ञ काही मोजमापे करतात. पहिले एव्हान्स यांचे गुणोत्तर : पोकळ्यांच्या पुढच्या भागाची सर्वाधिक रुंदी भागिले कवटीच्या आतील सर्वाधिक रुंदी. ते ०.३ हून अधिक असेल तर पोकळ्या मोठ्या. विल्यम एव्हान्स यांनी हे १९४२ साली दिले, जेव्हा सीटी स्कॅन अस्तित्वातही नव्हते. मेंदूत हवा भरून क्ष-किरण चित्रे काढीत असत. परंतु हे गुणोत्तर आकसलेल्या मेंदूतही वाढते. म्हणून दुसरे माप, डाव्या-उजव्या पोकळ्यांच्या मधला कोन. तो ९० अंशांहून कमी, अरुंद असेल, तर संशय पाण्याकडे जातो. तिसरी खूण अशी, की टाळूखाली मेंदूच्या घड्या दाटीवाटीने चिकटलेल्या आणि बाजूच्या खाचा मात्र रुंदावलेल्या दिसतात. या खुणेवर जपानी डॉक्टरांनी विशेष काम केले. तेथील शंभर रुग्णांचा अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. अशा चित्रावरून निवडलेल्या आणि शस्त्रक्रिया केलेल्या रुग्णांपैकी ६९ जणांत वर्षाअखेर निश्चित सुधारणा दिसली. तेव्हा एमआरआयची नुसती चिठ्ठी नव्हे, तर फिल्म किंवा सीडी जपून ठेवावी, आणि ही मापे घेतली आहेत का, हे डॉक्टरांना विनयपूर्वक विचारण्यात संकोच मानू नये.

चित्रावरून संशय बळावतो. खात्रीच्या दिशेने नेणारी चाचणी पुढची, पाणी काढून पाहण्याची. आपण व्यापारी सुती मालाची खरेदी कशी करतो? थान कितीही देखणे असो, आधी नमुन्याचा तुकडा धुऊन पाहतो. आटतो का, रंग सोडतो का, हे पाहून मग सौदा. येथेही तसेच आहे. पुढे कायमची नळी बसवून पाण्याला वाट करून द्यायची असेल, तर आधी थोडे पाणी तात्पुरते काढून रुग्णाच्या चालीत फरक पडतो का, ते पाहायचे. रुग्णाला कुशीवर झोपवून, कमरेच्या भागात सुई घालून ३० ते ५० मिलिलिटर द्रव काढतात. काढण्याआधी चाल मोजलेली असते. नंतर काही तासांनी आणि पुन्हा दुसऱ्या दिवशी मोजतात. आधीचे माप घेतलेच नसेल, तर ही चाचणी जवळजवळ वाया जाते. ‘बरे वाटते’ हे काही माप नव्हे. काढलेला द्रव प्रयोगशाळेत पाठवून क्षय वा अन्य जंतुसंसर्ग नाही ना, हेही पाहून घेतात.

कमरेत सुई म्हटले की घरात घबराट होते. पाय लुळे पडतील, असे वहिनींना कोणी सांगितले होते. सुई जेथे घालतात तेथे मज्जारज्जू संपलेला असतो, असे डॉक्टरांनी चित्र काढून समजाविले. नंतर एक-दोन दिवस डोके दुखू शकते. बंधूंचे दुखले, पडून राहिल्यावर थांबले. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर मात्र ते आधी सांगितलेच पाहिजे. हृदयात स्टेंट बसविलेली मंडळी येथे बरीच आहेत, म्हणून आवर्जून सांगतो. गोळ्या आपल्या मनाने बंद करू नयेत. दोन्ही डॉक्टरांनी आपसांत बोलून ठरवावे.

चार तासांनी बंधूंना त्याच दहा मीटरांवर पुन्हा चालविले. १६ सेकंद, २२ पावले. वळताना चार पावले. हा फरक मुलाने मोबाईलवर चित्रित करून ठेवला आहे. दोन-तीन दिवसांत चाल पुन्हा पहिल्यासारखी झाली, कारण काढलेले पाणी पुन्हा भरून येणारच; तरीही उत्तर मिळाले होते.

ही चाचणी अचूक मात्र नव्हे. एकदा पाणी काढून फरक पडला नाही, म्हणून विकार नाहीच असे ठामपणे म्हणता येत नाही. काहींना अधिक पाणी अधिक काळ काढल्यावरच फरक पडतो. संशय दाट असेल तर रुग्णालयात ठेवून कमरेत बारीक नळी बसवितात आणि तीन दिवस थोडे-थोडे पाणी काढतात. त्यात जंतुसंसर्गाचा धोका असल्याने सतत देखरेख लागते.

वहिनींच्या माहेरच्या एका वयोवृद्ध नातलग भगिनींची अशी तीन दिवसांची चाचणी झाली. तिन्ही लक्षणे होती, पोकळ्याही मोठ्या होत्या. पण तीन दिवसांनी चालीत काडीचाही फरक नाही. जुना मधुमेह आणि रक्तदाब यांमुळे मेंदूतील सूक्ष्म रक्तवाहिन्या खराब झाल्याचे निदान झाले, बी-१२ ही फार कमी निघाले. शस्त्रक्रिया करू नये, असे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले. घरच्यांना वाईट वाटले, खर्च फुकट गेला असेही कोणी म्हणाले. मला तसे वाटत नाही. एक मेंदूची शस्त्रक्रिया टळली, ही कमाई नव्हे काय? आज त्या काठी घेऊन, इंजेक्शने आणि व्यायामाच्या आधारे घरात हिंडतात.

चाचणी अनुकूल आल्यास उपाय म्हणजे शंट. मेंदूच्या पोकळीतून एक बारीक नळी त्वचेखालून पोटात सोडतात. मध्ये एकाच दिशेने पाणी जाऊ देणारी झडप असते. अशी टिकाऊ झडप १९५६ च्या सुमारास अमेरिकेत जॉन होल्टर या कारखान्यातील तंत्रज्ञाने बनविली, ती स्वतःच्या तान्ह्या मुलासाठी. तो डॉक्टर नव्हता, बाप होता. आपल्या देशात उत्तर प्रदेशातील शहाजहानपूर येथे तयार होणारे छाब्रा शंट अल्प किमतीमुळे अनेक ठिकाणी वापरले जातात. युगांडातील बालकांवर केलेल्या आणि २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तुलनेत ते महाग परदेशी शंटच्या तोडीस उतरले. बाहेरून चुंबकीय उपकरणाने दाब बदलता येणाऱ्या झडपाही मिळतात, त्यांची किंमत अधिक असते. अशी झडप असल्यास पुढे कधीही एमआरआय करण्यापूर्वी ते सांगावे, कारण चुंबकाने मांडणी बदलू शकते.

पण सुधारणा खरोखर शंटमुळे होते, की शस्त्रक्रिया झाली या समाधानाने? हा प्रश्न व्यापारी मनाला पडतोच. त्याचे उत्तर २०२५ मध्ये मिळाले. अमेरिका, कॅनडा व स्वीडनमधील ९९ रुग्णांना शंट बसविले. मात्र निम्म्यांची झडप तीन महिने बंदच ठेवली, आणि कोणाची उघडी, कोणाची बंद, हे रुग्णांना सांगितले नाही. उघडी असणाऱ्यांच्या चालण्याचा वेग सेकंदाला सरासरी ०.२३ मीटरने वाढला, बंद असणाऱ्यांचा केवळ ०.०३ मीटरने. पडण्याचे प्रमाणही कमी झाले. मात्र मेंदूच्या आवरणाखाली रक्तस्राव उघड्या झडपेच्या गटात अधिक जणांना झाला. आणि हे सारे रुग्ण आधी पाणी काढून पाहिल्यावर ज्यांची चाल सुधारली होती, त्यांतूनच निवडलेले होते. चाचणीवाचून घाईने केलेल्या शस्त्रक्रियेला हा अभ्यास पाठिंबा देत नाही.

बंधूंचे म्हणाल तर शंट बसून दोन वर्षे होतील. चाल सुधारली, रात्रीची धावपळ पुष्कळ कमी झाली. हिशेबाचा वेग मात्र पूर्वीचा आला नाही. तो येईलच असे डॉक्टरांनीही म्हटले नव्हते. मधल्या काळात एकदा डोके दुखू लागले, तेव्हा पाणी जास्त जात असल्याचे दिसले आणि झडपेची मांडणी बदलावी लागली. म्हणजे नळी बसविली की काम संपले असे नाही. ती तुंबू शकते, तिला संसर्ग होऊ शकतो, ठराविक काळाने तपासावे लागते.

आपल्या परिसराचे भाग्य असे, की यासाठी मुंबई-पुण्याची वाट धरावीच लागते असे नाही. १८९४ मध्ये डॉ. विल्यम वॉनलेस यांनी मिरजेत रुग्णालय उभारले, तेव्हापासून ते गाव वैद्यकाचे माहेरघर झाले. १९६२ पासून तेथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. सातारकरांना कराड जवळ पडते आणि साताऱ्यातही आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय झाले आहे. जाण्यापूर्वी मेंदूविकारतज्ज्ञ व मेंदूचे शल्यचिकित्सक दोघेही उपलब्ध आहेत का, आणि पाणी काढण्याआधी व नंतर चाल मोजतात का, एवढे दूरध्वनीवर विचारावे. खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. शिवाय ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान योजनेत सत्तर वर्षे पूर्ण झालेल्या सर्वांना, उत्पन्नाची अट न ठेवता, कुटुंबामागे वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण मिळते. बाह्यरुग्ण म्हणून केलेल्या तपासण्या त्यात सामान्यतः येत नाहीत. कोणते रुग्णालय योजनेत आहे आणि ही शस्त्रक्रिया तेथे होते का, हे रुग्णालयातील आरोग्यमित्र सांगतात. आधार कार्ड बरोबर असू द्यावे.

विश्वस्तांच्या अनुमतीने एक छोटी सोय आजपासून केली आहे. या सभागृहाच्या ओसरीत दहा मीटरांची रेघ आखून ठेवली आहे. माप मी स्वतः दुकानाच्या पट्टीने दोनदा घेतले आहे. भोजनोत्तर ज्यांना इच्छा असेल, त्यांनी आपली वेळ आणि पावले मोजून घ्यावीत. एक वही तेथे ठेवली आहे. नाव, तारीख, सेकंद, पावले असे चार रकाने आहेत. सहा महिन्यांनी पुन्हा मोजू. ज्यांचे आकडे बदलतील, त्यांच्या मुला-सुनांना ते पान दाखवून डॉक्टरांकडे पाठविण्याची जबाबदारी मी घेतो. चालताना धोतर-साडी पायांत येणार नाही याची काळजी घ्यावी, आणि ज्यांना तोल जाण्याचा त्रास आहे, त्यांनी सोबतीला कोणी असल्याखेरीज चालू नये.